मेंदूज्वरातून उठलेले मूल : पालकांचा अनुभव

मस्तिष्कशोथातून वाचलेल्या बालकाचे सावरणे आणि त्या काळात आईवडिलांवर पडणारा सांभाळाचा भार. ‘मेंदूज्वर’ हा बोलीतला शब्द सैल आहे. मेंदूचा दाह (मस्तिष्कशोथ) आणि त्याच्या आवरणांचा दाह (मस्तिष्कावरणशोथ) ही दोन्ही दुखणी त्यात येतात. घरात ‘ताप डोक्यात गेला’ एवढ्यावर भागते.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बव्हंशी विदर्भाकडे वळते. चांदीपुरा विषाणू 1965 मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज यांनी नागपूर भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. तेथील वस्तीचे नाव त्याला मिळाले. मुलांच्या मोठ्या साथीशी त्याचा संबंध मात्र 2003 मध्ये आंध्र प्रदेशात जोडला गेला : 329 बालरुग्ण, 183 मृत्यू. हा दाहच होता का, यावर वाद झाला. आंध्रातील काही चिकित्सकांच्या मते तो रक्तवाहिन्यांशी निगडित ‘मेंदूचा झटका’ होता आणि विषाणूचे कारण पुरेसे सिद्ध नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रुग्णांत विषाणू व प्रतिपिंडे दाखवली. नंतरच्या साथी पाहता विषाणूचा पक्ष अधिक सबळ वाटतो, तरी दाह की निव्वळ मस्तिष्कविकृती (दाहाशिवाय मेंदूचे काम बिघडणे) हा प्रश्न त्याने मिटत नाही. पालकांच्या दृष्टीने चांदीपुरा आणि डासांतून पसरणारा जपानी मस्तिष्कशोथ यांतला फरक गतीचा आहे. चांदीपुरात एक-दोन दिवसांतच निकाल लागतो आणि वाचलेल्या मुलांत मागे उरणारे दोष तुलनेने कमी आढळतात. जपानी मस्तिष्कशोथात कायमचे दोष राहण्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळोवेळच्या अंदाजांत 20 ते 50 टक्के असे बदलते. त्यात थॅलॅमस व तळगंडिका हे हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूतील खोल भाग दुखावल्याने अंग ताठरते, हालचाल मंदावते, चेहरा भावशून्य होतो. ‘हसतच नाही’ ही आयांची तक्रार वैद्यकीय वर्णनाशी नेमकी जुळते.

‘बरे झाले’ याचा अर्थ रुग्णालयात ताप व झटके (आकडी) थांबणे. घरी तो मूल पहिल्यासारखे होणे. डिस्चार्ज कार्डावर पहिला अर्थ येतो. पुढे गिळणे, नजर लावणे, मान धरणे, शब्द सापडणे हे परतते, पण ठरल्या क्रमाने नाही. नाकातली नळी निघाल्यावरचा पहिला मऊ भात मान जरा पुढे धरून, अर्धा चमचा घशाखाली उतरलेला पाहून मगच दुसरा, असा भरवावा लागतो. एका वाटीला तास जातो. महिनोन्‌महिने झटका आला नाही की औषध आपल्याच मनाने बंद केले जाते आणि झटके परततात. रात्री मुलाच्या छातीवर हात ठेवून झोपण्याची आईची सवय त्यानंतरही राहते.

स्वभावातील बदल सर्वांत उशिरा लक्षात येतो. 1917 मध्ये व्हिएन्नात मज्जातंतुतज्ज्ञ फोन एकोनोमो यांनी वर्णिलेल्या सुस्तीच्या मस्तिष्कशोथानंतरही मुले चिडखोर, बेताल झाल्याच्या नोंदी आहेत. असे मूल चालते-बोलते, पण अक्षरे विसरते, वर्गात उठून जाते. शाळा त्याला खोडकर ठरवते आणि नातेवाईक लाडाने बिघडले म्हणतात.

जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपी व वाचोपचार (बोलण्यासाठीचे उपचार) मिळू शकतात; आठवड्याच्या फेरीला एका पालकाची मजुरी बुडते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे बहुतेक लाभ 40 टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर मिळतात. लुळा हात टक्क्यांत बसतो. बदललेला स्वभाव बसवणे अवघड जाते.