मोनालिसाच्या गालावर किती रंग आहे?

काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचं एक बोट फिरवा आणि ती पट्टी उजेडात ठेवून द्या. पाणी असतं तर तासाभरात उडून गेलं असतं. तेल उडत नाही. काही दिवसांनी ते चिकट लागतं, आणखी काही दिवसांनी त्याची पातळ, चिवट, पारदर्शक कातडी झालेली असते. पट्टी आधी काट्यावर तोलून ठेवली असेल तर गंमत कळेल: वाळता वाळता तिचं वजन सुरुवातीला वाढतं. कारण हे वाळणं नव्हेच. तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि एकमेकांत गुंतून जाळं विणतात.

युरोपातली चारशे-पाचशे वर्षांची चित्रकला या कातडीवर उभी आहे. यान व्हान आयक या चित्रकाराने तैलरंगांचा शोध लावला, असं फार काळ सांगितलं जायचं. ते खरं नाही. अफगाणिस्तानात बामियानच्या गुहांमधल्या सातव्या शतकातल्या भित्तिचित्रांत वाळणारं तेल सापडलं आहे. व्हान आयकचं मोठेपण वेगळं. तेलाचा संथपणा कसा वापरायचा, हे त्याला कळलं होतं.

त्याआधी चित्रकार रंग अंड्याच्या बलकात कालवत. तो रंग बघता बघता सुकतो, म्हणजे दोन छटा एकमेकींत मिसळायला सवडच नाही. बारीक रेघांवर रेघा ओढून सावली दाखवावी लागे. तेल दिवसचे दिवस ओलं राहतं. आणि तेलाचा दुसरा गुण त्याहून मोठा. कोरडं कापड भिजलं की गडद दिसतं, हे रोजच्या पाहण्यातलं आहे. हवेतून धाग्यात शिरताना प्रकाश बराच विखुरतो. मध्ये पाणी आलं की कमी विखुरतो आणि आत खोल जातो. तेलात बुडालेल्या रंगाच्या कणांचंही तेच होतं. तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, 1.48 च्या आसपास आणि अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचा सुमारे 1.5. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून हा निळा तेलात रंगीत काचेसारखा पारदर्शक होतो. शिशाच्या सफेद्याचा अपवर्तनांक 2 च्या घरात. तो प्रकाश अडवून उलट फेकतो. मग खाली सफेदा आणि वर पारदर्शक रंगाचा हात, अशी रचना केली की प्रकाश वरच्या थरातून आत जातो, सफेद्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून गाळून बाहेर येतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हान आयकचं 1434 मधलं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. त्यातला हिरवा झगा आतून उजळल्यासारखा वाटतो, त्यामागे हीच युक्ती आहे.

लिओनार्दो दा विंचीने ही युक्ती टोकाला नेली. मोनालिसाच्या ओठांचा कोपरा नेमका कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. कडाच नाही. इटालियनमध्ये या तंत्राला ‘स्फुमातो’ म्हणतात, म्हणजे धुरात विरलेलं. कुंचल्याचा एक फटकारा त्या चेहऱ्यावर दिसत नाही. मग हे केलं कसं? चित्राचा कपचा काढून पाहायला कोण परवानगी देणार! 2010 साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी लूव्ह्र संग्रहालयातच यंत्र नेलं आणि लिओनार्दोच्या सात चित्रांतल्या चेहऱ्यांवर क्ष-किरण टाकले. अशा वेळी रंगातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत पाठवतं. त्यावरून कुठे काय आहे आणि किती जाड आहे, याचा हिशेब मांडता येतो. मोनालिसाच्या सावल्यांमध्ये पारदर्शक थरांवर थर निघाले. एकेक थर जेमतेम दोन मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. सगळे मिळून 30-40 मायक्रोमीटर. माणसाच्या केसाच्या साधारण निम्मी जाडी! त्या हसण्याबद्दल जे काही लिहिलं गेलं आहे, ते सगळं एवढ्याशा जाडीबद्दल आहे.

पण प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहायची, मग पुढचा द्यायचा. असा माणूस भिंतीवर चित्र काढायला बसला तर काय होईल? भित्तिचित्राची जुनी रीत उलट घाईची. चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे चिणले जातात. त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवायचा. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलचं छत 1508 ते 1512 या काळात असंच, तुकड्या-तुकड्याने पुरं केलं. लिओनार्दोला हे जमणारं नव्हतं. मिलानमधल्या मठात ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र रंगवताना तो कधी दिवस दिवस कुंचला न उचलता नुसता बघत उभा राही, असं एका समकालीनाने लिहून ठेवलं आहे. त्याने कोरड्या भिंतीवर, पटावर रंगवावं तसं रंगवलं. रंग भिंतीत मुरला नाही, वर नुसता बसला. ओल आली आणि त्याच्या हयातीतच पोपडे धरू लागले. 1978 ते 1999 अशी एकवीस वर्षं त्याची डागडुजी चालली होती. मला स्वतःला हे अपयश त्याच्या बऱ्याच यशांपेक्षा जास्त बोलकं वाटतं: हट्ट होता तो संथपणाचा, आणि भिंतीने तो चालू दिला नाही.

डच चित्रकार रेम्ब्रांची चाल निराळी. त्याने सफेदा इतका जाड थापला की दागिन्यांवर आणि बाह्यांवर खऱ्या दिव्याचा प्रकाश चमकतो. त्या रंगात 2019 मध्ये प्लंबोनॅक्राइट हे शिशाचं दुर्मीळ संयुग सापडलं. त्याने तेलात बहुधा मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, घातलं असावं. त्याने तेल लवकर वाळतं आणि लगदा ढळत नाही. पुढे 2023 मध्ये तेच संयुग मोनालिसाच्या अस्तराच्या थरातही मिळालं.

पातळ थरांची एक अडचण आहे. आधी जातात ते तेच.

हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात डच चित्रकार व्हर्मीरची, साधारण 1665 मधली, मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी आहे. तिचा मोती जवळून पाहिला तर तिथे मोती नाहीच. डावीकडे वर सफेद्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरच्या उजेडाचा पुसट फराटा, बस्स. मोत्याला ना बाह्यरेषा, ना कानात अडकवायची कडी. उरलेला मोती आपले डोळे भरतात. तिच्या फेट्यासाठी मात्र व्हर्मीरने अफगाणिस्तानातल्या खाणींतल्या दगडापासून केलेला, त्या काळी अतिशय महागडा अल्ट्रामरीन सढळ हाताने वापरला. तो अजून टवटवीत आहे. मागची काळी पोकळी मात्र व्हर्मीरची नव्हे. 2018 मध्ये संशोधकांनी चित्र तपासलं तेव्हा त्या काळ्यात कोपऱ्यातल्या पडद्याच्या चुण्या दिसल्या. नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा रंग मिसळून त्याने काळ्यावर हिरवा पारदर्शक हात दिला होता. वनस्पतींचे रंग उजेडाने विटतात. हिरवं गेलं, खालचं काळं उरलं, आणि अंधारातून वळून पाहणारी मुलगी म्हणून आपण तिच्यावर भाळलो. ती पडद्यासमोर बसली होती.