कुंडीतील कोथिंबीर-पुदिना : खानदेशातील घरगुती लागवड

रोजच्या स्वयंपाकाला ताजी लागणारी कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, मेथी, लसणाची पात, पानओवा आणि गवती चहा ही झाडे अंगणात, ओट्यावर, गच्चीवर किंवा खिडकीत कुंड्यांमधून वाढवण्याची घरगुती पद्धत. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, पूर्वी ही झाडे परसात मोरीच्या पाण्यावर वाढत असत. मातीच्या धाब्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे आली आणि परसाची जागा आक्रसली, तशी ती कुंड्यांत आली.

कुंडीचा मोठा गुण म्हणजे ती उचलून हलवता येते, आणि खानदेशात लागवडीचे यश बव्हंशी याच गुणावर उभे असते. बागकामाच्या माहितीपत्रकांत कोथिंबिरीला दिवसाचे सहा तास ऊन द्यावे असे सरसकट सांगितलेले असते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा हा सल्ला पाळला तर कोवळे रोप दोन दिवसांत करपते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात कुंड्या मोकळ्या उन्हात, मार्चपासून फक्त सकाळचे ऊन येणाऱ्या पूर्वेच्या भिंतीलगत किंवा हिरव्या शेडनेटखाली, आणि पावसाळ्यात मुसळधार सरींपासून आडोशाला ठेवाव्यात. सिमेंटची गच्ची दुपारी तापून खालूनही कुंडी भाजते, म्हणून कुंड्या विटांवर ठेवणे हिताचे असते. त्यामुळे निचराही सुधारतो आणि स्लॅबवर पाणी साचत नाही.

शेतातली काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरणे ही या भागात सर्रास होणारी चूक आहे. कपाशी आणि केळीला पोसणारी तापी-गिरणा खोऱ्यातील ही भारी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात तिच्या भेगा खोलवर जातात, तर कुंडीत तिचा गोळा कडेपासून सुटून भोवती बोटभर फट पडते. वरून घातलेले पाणी या फटीतून थेट तळाच्या भोकावाटे वाहून जाते. थाळीत पाणी साचलेले पाहून झाडाला पाणी मिळाले असे वाटते, पण मधला गोळा कोरडाच असतो. काळ्या मातीचा वाटा एक तृतीयांशाच्या आत ठेवावा आणि उरलेला भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेली नदीची वाळू यांनी भरावा. शेणखत कच्चे असेल तर हुमणीच्या अळ्या येतात, म्हणून ते हातात घेऊन वास नसल्याची आणि भुसभुशीत झाल्याची खात्री करून घ्यावी.

खानदेशातील अनेक शहरांत आणि गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे कुंडीसाठी वेगळे पाणी काढणे जिवावर येते. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी यासाठी उत्तम असते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असले की कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो. अशा कुंड्या पावसाळ्यात काही सरी पूर्ण भिजू दिल्या की साचलेले क्षार धुऊन निघतात. जिल्ह्यातील केळीबागांमुळे ठिबकचे साहित्य जळगावच्या बाजारात सहज मिळते आणि बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबाला ताशी दोन लिटरचे ड्रिपर कुंड्यांना लावून घेता येतात. मातीवर भुसा किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले तर उन्हाळ्यात ओल बराच वेळ टिकते.

खानदेशी स्वयंपाकात कोथिंबिरीचा मान मोठा आहे. हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या वांग्यांच्या भरतात ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात आणि मूठभर कोथिंबीर लागतेच, आणि कुंडीतली कोथिंबीरही नेमकी याच दिवसांत उत्तम येते, कारण तिला थंडी मानवते. पेरण्यासाठी घेतलेला धणा हे प्रत्यक्षात दोन बियांचे फळ असते. तो पाटावर पसरून वाटीच्या बुडाने हलके रगडला की दोन फाकी होतात. चुरा होईल इतका दाब दिला तर बी वाया जाते. फाकी रात्रभर पाण्यात भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल पेराव्यात. आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते. कोथिंबिरीला खोल कुंडी लागते हा समज खरा नाही, वीतभर खोलीचा पसरट टप पुरतो. मात्र रोपे उपटून दुसरीकडे लावलेली तिला सोसत नाहीत. साधारण ४० दिवसांनी खालचा कोंब राखून कात्रीने कापणी केली तर बहुधा दुसरी कापणीही मिळते. दर पंधरा दिवसांनी नवा टप पेरत गेल्यास हिवाळाभर खंड पडत नाही. मार्चनंतर पीक झपाट्याने फुलावर येते, पाने बारीक होतात आणि स्वाद उतरतो. उन्हाळ्यात कोथिंबिरीचा हट्ट सोडून ते पाणी पुदिन्याला देणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पुदिना बी पेरून लावत नाहीत. बाजारातून आणलेल्या जुडीतील जाडसर काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळ्या फुटतात. त्याचे धावते खोड शेजारच्या झाडाला दाबून टाकते, म्हणून त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी. मेथी तीन आठवड्यांत खुडायला येते, आणि कोंब आलेल्या लसणाच्या पाकळ्या टोचल्या की तेवढ्याच काळात पात मिळते.

कढीपत्ता हे मुळात झाडच असल्याने त्याला किमान दीड फूट खोल कुंडी हवी. त्याचे बी ताजे असतानाच रुजते, म्हणून जुन्या झाडाच्या मुळांवर फुटलेली पिले काढून लावणे सोपे असते. धुळ्याच्या बाजूला हिवाळ्यात पारा कधी १० अंशांखाली उतरतो, तेव्हा हे झाड वाढ थांबवते आणि पाने गाळते. ते वाळले असे समजून उपटू नये, पाणी कमी करून वाट पाहावी. चुनखडीयुक्त मातीत नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असते. आंबट ताक घालण्याची रीत घराघरांत आहे, पण अशा जमिनीत चिलेटेड लोह (झाडाला शोषता येईल अशा रूपातले लोह) अधिक भरवशाचे असते. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या कढीपत्त्यालाही बोडका करतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि म्हणून नजरेतून सुटतात. त्या हाताने वेचून काढणे पुरेसे होते.

गवती चहा आणि पानओवा फारशी निगा मागत नाहीत. गवती चहाचा ठोंब पावसाळ्याच्या सुरुवातीला फोडून वेगळा करावा आणि पानओव्याचे छाट थेट मातीत खोचावे. कोथिंबिरीवर मावा आणि कोरड्या उन्हाळ्यात पुदिन्यावर कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड दिसते. या दोन्हींवर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. फवारणीनंतर चार-पाच दिवस पाने खुडू नयेत, आणि खुडल्यावर दोन पाण्यांनी धुऊन घ्यावीत.