‘कॅन्सरचं झाड’ पर्यटकांना दाखवण्याआधी

सह्याद्रीतल्या निसर्गवाटांवर हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: “हे बघा, हे कॅन्सरचं झाड.” आंबोली असो, कोयनेचं खोरं असो की राधानगरीकडचं रान, बेताच्या उंचीच्या, मोठ्या पानांच्या त्या झाडापाशी घोळका थांबतो, मोबाइल बाहेर निघतात आणि एखादा हात सालीकडे जातो. निघालेला तुकडा पिशवीत पडतो. घरी कुणाच्या तरी उपयोगी पडेल, हा हेतू.

हे झाड म्हणजे नरक्या. कुणी त्याला अमृता म्हणतं, कुणी घाणेरा. (रस्त्याकडेची घाणेरी, म्हणजे टणटणी, वेगळी. तिचा याच्याशी काही संबंध नाही.) एकाच झाडाला नरकही चिकटलाय आणि अमृतही. नरकाचं कारण फुलांचा वास. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या निम्मो यांच्यावरून ते पडलं. जुन्या पुस्तकांत ‘फेटिडा’ असंही सापडेल, त्याचा अर्थ दुर्गंधी.

वाटाड्याचं वाक्य खोटं नाही. फक्त त्यातून एवढं काही गळलेलं असतं की ऐकणाऱ्याला वाटावं, साल उकळली की औषध तयार. तसं का होत नाही, हे समजायला रेणूकडे वळावं लागेल. पुढचे चार-पाच परिच्छेद जरा जड आहेत, पण या झाडाची खरी गंमत तिथेच आहे.

रेणूचं नाव कॅम्प्टोथेसिन. तो प्रथम मिळाला तो आपल्याकडच्या नरक्यात नाही, तर कॅम्प्टोथेका या चिनी झाडात. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्याची रचना जाहीर केली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठातलं. पुढे टॅक्सॉल या दुसऱ्या मोठ्या कर्करोगविरोधी रेणूच्या शोधातही हीच जोडी होती. नरक्यात हाच रेणू आहे हे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं, तेही मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातून. म्हणजे नरक्याचा कर्करोगाशी असलेला संबंध रसायनशास्त्रातून कळला, कुठल्या पोथीतून नाही. ‘आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं’ असं वाटेवर कुणी सांगू लागलं, तर कोणत्या ग्रंथात आणि कोणत्या श्लोकात, एवढंच विचारावं.

आता हा रेणू करतो काय? डीएनए ही दोन पदरांची पिळलेली दोरी. दोन पदरांना जोडणाऱ्या साधारण साडेदहा पायऱ्यांमागे (बेस-जोड्यांमागे) एक पीळ. पेशी दुभंगण्याआधी या दोरीची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी पदर सुटे करावे लागतात. सुंभाची दोन पदरी दोरी खुंटीला बांधा आणि मोकळ्या टोकाकडून पदर उलगडत जा. हाताजवळचा पीळ सुटतो, पण खुंटीकडचा घट्ट होत जातो आणि शेवटी दोरी स्वतःभोवतीच वेटोळी घालते. पेशीत हा ताण सोडवणारं एक विकर (एन्झाइम) आहे, टोपोआयसोमरेज-१. ते दोनपैकी एकच पदर कापतं, कापलेलं टोक स्वतःच्या साखळीतल्या ७२३व्या अमिनो आम्लाला (प्रथिनाच्या मण्याला), टायरोसिनला, जोडून धरतं, मोकळा पदर दुसऱ्याभोवती गरगर फिरू देतं आणि ताण उतरला की काप पुन्हा सांधतं. पेशीत हे सतत चालू असतं.

कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापात पाचरीसारखं बसतं. रेणू चपटा आहे, पाच कड्या एकमेकींना चिकटून, त्यामुळे डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये तो सरकतो. काप झालेला असतो, पण सांधणं अडतं. एवढ्याने पेशी मरत नाही, कारण पाचर आपोआप निघूही शकते. घात होतो तो त्याच वेळी नक्कल करणारी यंत्रणा त्या पदरावरून धावत आली तर. रुळाचा सांधा उघडा आणि समोरून गाडी, असा प्रकार. एका पदरातल्या कापातून अख्खी दोरीच कायमची तुटते, असे बरेच तुकडे झाले की पेशी संपते. म्हणून हा रेणू भराभर दुभंगणाऱ्या पेशींना गाठतो. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. पण अस्थिमज्जेच्या, आतड्याच्या अस्तराच्या आणि केसांच्या मुळांच्या पेशीही तशाच.

मग झाड स्वतः कसं जगतं? त्याच्या पेशीतही हेच विकर आहे. उत्तर २००८ मध्ये मिळालं. चिनी कॅम्प्टोथेका आणि ओफिओराइझा या दोन्ही कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींच्या विकरात ७२२व्या जागी अ‍ॅस्पराजिनऐवजी सेरिन आहे, म्हणजे त्या टायरोसिनच्या अगदी शेजारी. एक अमिनो आम्ल बदललं आणि पाचर नीट बसेनाशी झाली. याहून चकित करणारी गोष्ट अशी की या औषधाला न जुमानणाऱ्या माणसाच्या कर्कपेशींमध्येही अगदी हाच बदल आधी सापडला होता. झाडाला जी युक्ती उत्क्रांतीत सापडली, तीच प्रयोगशाळेत या औषधाच्या माऱ्याखाली वाढवलेल्या कर्कपेशींना सापडली.

काढ्याचा प्रश्न सुटतो तो पाचव्या कडीत. ही कडी लॅक्टोनची, म्हणजे उघडू-मिटू शकणारी. ती बंद असते तोवरच रेणू काम करतो. आम्ल द्रवात ती बंद राहते, अल्कधर्मी द्रवात उघडते, आणि आपलं रक्त किंचित अल्कधर्मी, ७.४ पीएचचं. त्यात भर म्हणजे माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या कडीचा रेणू घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तो परत बंद होणं आणखी अवघड. उंदराचं अल्ब्युमिन तसं धरत नाही. म्हणून उंदरात दिसलेलं यश माणसात दिसेलच असं नाही. वर बंद कडीचा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोडगा म्हणून त्याचं सोडियम क्षार रुग्णांना शिरेतून दिलं गेलं. क्षार विरघळतं, कारण त्यात कडी उघडी असते. परिणाम कमी आणि वर आफत अशी की लघवी आम्ल असल्याने मूत्राशयात पोचल्यावर कडी पुन्हा बंद व्हायची. गाठीत निष्क्रिय राहिलेलं औषध मूत्राशयाच्या अस्तरावर जागं व्हायचं आणि रक्तस्राव सुरू व्हायचा. त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

पुढे रसायनतज्ज्ञांनी रेणूत फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं बनवली, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. टोपोटेकनची नेहमीची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला १.५ मिलिग्रॅम, सलग पाच दिवस, दर २१ दिवसांनी. १.६ चौरस मीटरच्या माणसाला दिवसाला २.४ मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेनेही पांढऱ्या पेशी इतक्या घसरतात की रक्त तपासल्याशिवाय पुढची फेरी देत नाहीत. आता नरक्याच्या सुक्या लाकडात कॅम्प्टोथेसिन साधारण ०.३ टक्के धरलं तर दहा ग्रॅम तुकड्यात ३० मिलिग्रॅम झालं. त्यातलं पाण्यात किती उतरेल, पोटातून रक्तात किती जाईल, त्यातली किती कडी बंद राहील, यातलं काहीच ठरलेलं नाही. शिवाय हे प्रमाण झाडागणिक, अवयवागणिक बदलतं: मुळांत जास्त, पानांत कमी. काढा एकतर निरुपयोगी ठरतो नाहीतर जिवावर बेततो, आणि कोणता कप कोणता हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

औषध कंपन्यांना मात्र हा रेणू हवाच आहे. टोपोटेकन, इरिनोटेकन आजही झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतात, आणि प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) पाठीवर बसवून थेट गाठीपर्यंत नेण्याच्या नव्या औषधांतही याच कुळातला रेणू असतो. ०.३ टक्क्यांच्या हिशेबाने, काढताना कणही वाया गेला नाही असं धरलं तरी एक किलो कॅम्प्टोथेसिनला ३३० किलोच्या वर सुकं लाकूड लागतं. मुळांत प्रमाण जास्त म्हणून झाड कापत नाहीत, उपटतात. इथेच सगळं बिघडतं. कापलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात, उपटलेल्या खड्ड्याला फुटत नाहीत. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड होते ती अशीच, पोत्यांत भरलेल्या चिपांच्या रूपात.

मध्यंतरी एक आशा फार गाजली. २००५ मध्ये नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते असं दिसलं, आणि ‘आता झाड तोडायची गरज नाही’ अशा बातम्या सुरू झाल्या. अशा बुरशींचा अनुभव मात्र असा की प्रयोगशाळेत पिढ्या वाढवत नेल्या की उत्पादन आटत जातं. टाकीत बुरशी आणि नळातून औषध हे चित्र अजून कागदावरच आहे.

तेव्हा झाड रानातच टिकवायचं, आणि पर्यटन त्याला हातभार लावू शकतं. पण कोणतं पर्यटन? शहरातल्या मालकाचं रिसॉर्ट आणि फाटकावर ‘इको’ लिहिलेली पाटी, याने नरक्याला काडीचाही फायदा नाही. ज्याला रानातली प्रत्येक पायवाट ठाऊक आहे त्याच्या घरी वर्षभर रोजगार आला, तरच तोडीची टोळी आली की बातमी वनरक्षकापर्यंत पोचते. वाटाड्या, स्वयंपाक, मुक्काम हे पैसे त्याच वाडीत राहायला हवेत. संख्येला लगाम लागतो तो वेगळा. कास पठारावर दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली. जंगलातल्या अरुंद वाटेला तर एका वाटाड्यामागे आठ-दहा माणसं पुष्कळ झाली. पावसाळ्यात ओल्या मातीवर मोठा घोळका वाटेबाहेर सरकला की वाट रुंदावते आणि नरक्याची बोटभर रोपं पहिली तुडवली जातात, कारण ती सावलीत, झाडांच्या पायथ्याशीच असतात.

सालीबद्दलचा हिशेब वाटाड्यांनी पाठच करावा. सालीच्या आतल्या थरातून पानात तयार झालेली साखर मुळांकडे जाते. हा थर खोडाभोवती पूर्ण गोल निघाला की मुळं उपाशी राहतात. झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग वाळतं, त्यामुळे दोष पर्यटकावर येत नाही. दहा सेंटिमीटर जाडीच्या खोडाचा घेर साधारण ३१ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी प्रत्येकाने छातीच्या उंचीवर काढली, तर सातव्या माणसाला वर्तुळ पूर्ण करता येतं.

म्हणून प्रत्येक वाटेवर दाखवायचं झाड एकच ठेवावं: वाटेपासून दोन-तीन मीटर आत, मधे झुडपं असलेलं, हात न पोचणारं. बाकीची झाडं दाखवूच नयेत, त्यांच्यावर खूण नको, रंगाचा पट्टा नको, नावाची पाटी तर नकोच. फोटो काढण्याआधी मोबाइल कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करायला लावावी. फोटोसोबत अक्षांश-रेखांश गेले की तोडणाऱ्याला वाटाड्याची गरजच उरत नाही. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत नरक्या जरूर लिहावा, पण नेमकी जागा गोपनीय भागात. दाखवण्याच्या झाडाचा घेर दर वर्षी त्याच महिन्यात, जमिनीपासून १.३ मीटरवर मोजून वहीत टिपावा, सालीवरच्या नव्या जखमाही. आकडा वाढत नसेल किंवा जखमा वाढत असतील, तर झाड बदलावं.

पैशांतला काही भाग रोपवाटिकेकडे वळवायचा असेल तर बी कुठून घ्यायचं हा कळीचा मुद्दा. नरक्याची सगळीच झाडं फळ धरत नाहीत, काहींना फक्त नरफुलं येतात. वाटेवरच्या एकाच फळणाऱ्या झाडाखालून बी गोळा करत राहिलात, तर वाटिकेत सगळी एकाच आईची भावंडं तयार होतील. जमतील तितक्या, निदान वीस-पंचवीस झाडांखालून थोडं थोडं घ्यावं, तेही गळून पडलेलं काळपट जांभळं फळ. फांदीवरचं पक्ष्यांना राहू द्यावं, कारण बी लांब नेण्याचं काम त्यांचं. गर वाळूसकट पाण्यात चोळून काढावा, बी सावलीत निथळू द्यावं आणि लगेच पेरावं. माती, वाळू, कुजलेलं शेणखत समप्रमाणात, खोली बोटाच्या पेरापेक्षा कमी, वर सावलीची जाळी. पिशवीच्या तळाला भोकं हवीत, पाणी साचलं की बी कुजतं. उगवण संथ आणि पुढेमागे होते. महिनाभरात काही दिसलं नाही म्हणून पिशव्या ओतून टाकणं ही नेहमीची चूक. रोपं त्याच खोऱ्यात, झाडांच्या अर्धसावलीत लावावीत, दुसऱ्या जिल्ह्यातून आणू नयेत.

आणि ही रोपं पर्यटकांना आठवण म्हणून विकू नयेत. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत ती फारशी टिकणार नाहीत, आणि टिकली तरी कुंडीवर ‘कॅन्सरचं झाड’ अशी चिठ्ठी असेल. वर्षभराने घरात कुणाला तरी त्याची पानं चहात टाकून बघावीशी वाटतील.