पाइप घासून रायला जी!

कापसाच्या हंगामात यवतमाळहून वणीकडे जाताना आमच्या टर्बो डिझेल गाडीनं एका साध्या चढावर दम सोडला. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये सहज पार होणारा चढ, पण त्या दिवशी गाडी दुसऱ्यातही कण्हत होती. आरशात काळा धूर दिसत होता आणि बॉनेटखालून सापानं फुत्कारावं तसा फुस्स आवाज येत होता. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आवाज बंद, दाबला की पुन्हा सुरू. एका मोठ्या गॅरेजनं इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरवर ठपका ठेवला, चारही काढून तपासून आणले, बिल हातात दिलं. धूर तसाच राहिला.

शेवटी ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त करणाऱ्या, रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॅटरीच्या बाजूनं हात खाली घातला, चाचपलं आणि तेलकट काळं बोट वर काढून दाखवलं. "इंजेक्टरले काही नाही झालं जी. पाइप घासून रायला. हवा सुटते."

जाड रबरी पाइपाला खालच्या अंगानं हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. वरून पाहिलं तर पाइप नवाकोरा. ज्या पत्र्याच्या पट्टीवर तो टेकत होता, ती पट्टीही त्या जागी घासून चांदीसारखी चमकत होती. ती चमक पाहून मला पहिल्यांदा कोडं पडलं. रबर झिजलं हे समजलं, पण लोखंड कसं झिजलं?

आधी त्या पाइपाचं काम काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात पुष्कळ जोर शिल्लक असतो. तो वाया घालवण्याऐवजी त्यावर एक चक्री फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रीनं ताजी हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही टर्बोची कल्पना. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. कारमधल्या टर्बोची चक्री मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेते. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच इंजिनात डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून लहान इंजिनही मोठं ओझं ओढतं.

ही दाबलेली हवा टर्बोकडून इंटरकूलर नावाच्या जाळीकडे जाते आणि तिथून थंड होऊन इंजिनात शिरते. ही ने-आण करणारे पाइप मनगटाएवढे जाड असतात, काही रबराचे, काही प्लॅस्टिकचे, काही अ‍ॅल्युमिनियमचे. बॉनेटखालच्या गर्दीत त्यांना जागा शोधत, वळसे घेत जावं लागतं. आता ते भोक किती महागात पडत होतं याचा ढोबळ हिशेब करू. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालतंय, पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाब आहे, असं धरा. ८ मिलिमीटरच्या भोकातून साधारण पाचवा हिस्सा हवा निसटून जाते. हवा मोजणारा सेन्सर मात्र अलीकडे, फिल्टरपाशी बसलेला. त्याच्या लेखी सगळी हवा आत गेली. गाडीचा कॉम्प्युटर त्या मापानं डिझेल सोडतो, हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी धुराड्यातून बाहेर येते. बिचाऱ्या इंजेक्टरांना फुकटची बोलणी.

भोक टर्बोच्या अलीकडे, म्हणजे फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला पडलं तर गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त वाईट. तिथं हवा बाहेर सुटत नाही, उलट आत ओढली जाते, तीही न गाळलेली, धुळीसकट. फुस्स आवाज येत नाही, लगेच धूर दिसत नाही. लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर धुळीचे कण गोळीसारखे आदळतात, पात्यांच्या कडा खाल्ल्या जातात आणि उरलेली धूळ सिलिंडरपर्यंत पोहोचते.

पाइप घासतो कारण त्याची दोन टोकं दोन वेगळ्या जगांत अडकलेली असतात. एक टोक इंजिनाला, दुसरं इंटरकूलरला. इंटरकूलर गाडीच्या सांगाड्यावर पक्का बसलेला, तर इंजिन रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे गाद्यांवर टेकलेलं. गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन एका कुशीवर कलतं, सोडला की परत येतं. मधला पाइप या ओढाताणीत सापडतो. शिवाय त्याच्या पोटात दाब चढतो-उतरतो. विहिरीवरची मोटार सुरू करताना जमिनीवर पडलेला पाइप कसा उसळतो आणि वळणावर सरळ व्हायला बघतो, ते आपल्याकडे पोरांनाही ठाऊक आहे. इथंही तेच. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब. पाच सेंटिमीटर व्यासाच्या पाइपाला काटकोनी वळणावर जवळपास अठ्ठावीस किलोचा रेटा बसतो. गाडी बंद असताना पाइप आणि पट्टी यांच्यात बोट जाईल एवढी फट दिसते, पण चढावर ती फट राहिलेली असेलच असं नाही.

आणि या सगळ्यावर कंपनं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. २००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६७ धक्के. प्रत्येक धक्क्याला पाइप पट्टीवर फक्त अर्धा मिलिमीटर पुढं आणि अर्धा मागं सरकतो असं समजा. तासाला २४० मीटर घासणं झालं. दिवसाला दोन तास, वर्षाला तीनशे दिवस गाडी चालली तर १४४ किलोमीटर, म्हणजे जवळपास यवतमाळ ते नागपूर! पाइप जागचा हललेला दिसत नाही, पण एका पत्र्याच्या कडेवर तो दरवर्षी नागपूर गाठतो.

झिजेचं गणित जॉन आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं १९५३ साली एका सोप्या सूत्रात मांडलं. किती झिजणार हे दोन गोष्टींनी वाढतं, दाबानं आणि घासलेल्या अंतरानं. वस्तू कठीण असेल तर ते कमी होतं. यातला दाब आपल्या नजरेत भरतो, अंतर भरत नाही. पाइप पट्टीवर "नुसता टेकलाय" म्हणून आपण बॉनेट लावून टाकतो, आणि अंतर दिवसरात्र वाढत राहतं.

पण चमकणाऱ्या लोखंडाचं कोडं या सूत्रानं पुरतं सुटत नाही. त्यासाठी जुन्या विहिरीच्या काठावर जा. गावागावांत अशा विहिरी आहेत, जिथं पिढ्यान्‌पिढ्या पाणी शेंदून काळ्या दगडाला दोराच्या खाचा पडल्यात. दोर सुताचा, दगड बसाल्टचा. दगड दोरानं कापला नाही, दोरात रुतलेल्या मातीच्या आणि वाळूच्या कणांनी कापला. मऊ वस्तू कठीण कण आपल्या अंगात धरून ठेवते आणि कानशीसारखी समोरच्यावर फिरवते. घर्षणाचे अभ्यासक याला तिसरा घटक म्हणतात. घासणाऱ्या दोन वस्तू, आणि त्यांच्यामध्ये शिरलेला हा तिसरा.

आपल्या रस्त्यांवर या तिसऱ्याची कमतरता नाही. काळ्या मातीची चिकणमाती तशी मऊ, खनिजांच्या दहाच्या मोजपट्टीवर एक-दोनवर बसणारी. पण रस्त्याची धूळ म्हणजे नुसती शेतातली माती नव्हे. तिच्यात क्रशरच्या गिट्टीची भुकटी असते, म्हणजे बसाल्टमधली सहाच्या आसपास कठीण असलेली खनिजं. नदीच्या वाळूतून आलेले गारगोटीचे कण असतात, त्यांची कठीणता सात. साधं पोलाद चार-पाच, अ‍ॅल्युमिनियम तीनच्याही खाली. म्हणजे ट्रकमागून उडणाऱ्या धुळीत गाडीतल्या बहुतेक सगळ्या भागांना कापणारं हत्यार आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची तर आणखी वेगळी शोकांतिका. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. कंपनानं तो खरवडला जातो, उघड्या पडलेल्या धातूवर क्षणात नवा थर येतो, तोही खरवडला जातो. खरवडलेला ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. बाहेरची धूळ नसली तरी धातू आपल्याच भुकटीनं झिजत जातो. पाइपाच्या टेकलेल्या जागी बारीक काळी पूड दिसली तर ती मळ समजून पुसून टाकू नका. ती पाइपाचीच राख आहे.

उन्हाळा यात भर घालतो. सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरताना तापतं, कारण दाबली की हवा तापतेच. मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंशांची हवा टर्बोनं दुप्पट दाबापर्यंत नेली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १४५ अंशांच्या घरात जाते. तेच १५ अंशांच्या थंडीत १०५ च्या आसपास राहील. रबराचं म्हातारपण दर दहा अंशांना साधारण दुपटीनं जवळ येतं, हा ठोकताळा लक्षात घेतला तर या चाळीस अंशांची किंमत कळते. कडक झालेलं रबर वाकत नाही, तडकतं.

आता उपाय. बहुतेक जण पाइपाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतात आणि वरून प्लॅस्टिकचा टाय आवळतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकणारा शेतकरी काय करतो ते आठवा. खांदेसूज आलेल्या बैलाच्या खांद्यावर चिंधी टाकून त्याला पुन्हा जुंपलं तर जुंपणाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. जू कुठं टोचतंय ते आधी पाहतात, ते तासून गुळगुळीत करतात, नीट बसवतात. पाइपाचंही तसंच. आधी मोकळी जागा द्या, मग गुंडाळा.

जागा देण्याआधी घासण्याची जागा सापडायला हवी. इंजिन थंड आणि बंद असताना पाइप पुसून संशयाच्या ठिकाणी खडूची पूड किंवा टाल्कम पावडर लावायची, गाडी चढावर फिरवून आणायची आणि पूड कुठं पुसली गेली ते पाहायचं. भोक पडलंय का याची शंका असेल तर पंक्चरवाल्याचीच युक्ती: पाइप बंद करून अर्ध्या बारच्या आत हवा भरायची आणि साबणाचं पाणी शिंपडायचं. यापेक्षा जास्त दाब देऊ नये, आणि हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. पाइपाच्या बाहेरून तेलाचा ओशट डाग दिसला तरी संशय घ्यावा, कारण इंजिनातली थोडी तेलकट वाफ या पाइपांतून जात असते आणि हवेबरोबर बाहेर झिरपते.

घासण्याची जागा सापडली की पत्र्याच्या धारदार कडेवर रबराची यू आकाराची बीडिंग, म्हणजे पट्टी चढवायची. पाइप पुन्हा टेकलाच तर तो धारेऐवजी गोल कडेवर टेकेल. दाब रुंद जागेवर पसरतो, इतकंच त्यामागचं शास्त्र. त्यानंतर पाइपावर उभा चिरलेला जाड होजचा, म्हणजे रबरी नळीचा तुकडा चढवून दोन्ही टोकांना पक्का बसवायचा. हा तुकडा झिजण्यासाठीच आहे. तो पाइपावर सैल फिरत राहिला तर मात्र त्याच्याखाली धूळ साचते आणि घासणं आतल्या आत सुरू होतं. फोम तर अजिबात नको. तेल आणि धूळ शोषून महिनाभरात त्याचा पॉलिश पेपर होतो. सायकलची ट्यूबही तेलापुढं टिकत नाही, फुगून मऊ पडते. टाय आवळून पाइपाला सांगाड्याशी बांधणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण इंजिन हलायचं थांबत नाही. मग ओढ दुसऱ्या टोकाच्या क्लॅम्पवर जाते आणि पाइप तिथं फाटतो.

लाल-निळ्या सिलिकॉन पाइपांची आपल्याकडे भलतीच हौस आहे. उष्णतेला सिलिकॉन चांगलं, यात वाद नाही. पण ओरखड्याला आणि फाटण्याला ते साध्या रबरापेक्षा कच्चं असतं. घासणारी जागा तशीच ठेवून महागडा सिलिकॉन पाइप बसवला तर तो आधीपेक्षा लवकर जाण्याची शक्यता जास्त. तसंच डिझेल मारून इंजिन धुण्याची आपली सवय. इंजिन चकाचक दिसतं, आणि रबर डिझेल पिऊन फुगतं. पाणी आणि साबण पुरे.

एवढं करूनही वर्षभरात पाइप पुन्हा पट्टीला लागत असेल तर दोष पाइपात नसतो. इंजिनाखालचं माउंटिंगचं रबर बसलेलं असतं आणि इंजिन ठरलेल्या जागेपेक्षा खाली उतरलेलं असतं. आमच्या गाडीचंही तेच निघालं. मिस्त्रीनं जॅक लावून इंजिन उचललं, जुनं रबर काढलं तर ते मधोमध फाटून दोन भाकरींसारखं सुटं झालं होतं. नवं बसवताच पाइप आणि पट्टी यांच्यात पुरती दोन बोटं फट झाली.

पाइपावरचा तो होजचा तुकडा अजून तसाच आहे. दर दिवाळीला त्याच्यावर खडू मारून पाहतो. यंदा खडू पुसला गेला नव्हता.