स्वतःचाच आवाज न ओळखणारा रेडिओ

"आपण काय पाठवलं ते आपल्याला माहीतच असतं ना? मग येणाऱ्या सिग्नलमधून तेवढं वजा करा की!" फुल ड्युप्लेक्सचा, म्हणजे रेडिओने एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवण्याचा आणि ऐकण्याचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. वजाबाकीची कल्पना बरोबर आहे. घोळ आहे तो 'माहीतच असतं' यात.

मोबाइलवर आपण एकाच वेळी बोलतो-ऐकतो खरे, पण फोन त्यासाठी दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरतो, नाहीतर पाठवणं-घेणं भराभर आळीपाळीने करतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी दोन्ही करणं म्हणजे फुल ड्युप्लेक्स. वायफायचा ट्रान्समीटर साधारण 100 मिलिवॅट फेकतो आणि त्याच डब्यातल्या रिसीव्हरला पिकोवॅटच्या घरातलं ऐकायचं असतं. फरक शंभर अब्ज पटींचा, म्हणजे 110 डेसिबल. आलेल्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या 12 बिटांच्या कन्व्हर्टरकडे मोजायला पायऱ्या फक्त 4096. त्या स्वतःच्याच आवाजाने भरल्या, तर दूरचा सिग्नल एका पायरीएवढाही भरत नाही. म्हणून बरीचशी वजाबाकी कन्व्हर्टरच्या आधी, ॲनालॉग सर्किटमध्येच उरकावी लागते.

आता खरी गंमत. रेडिओला माहीत असतात ते फक्त आकडे. अँटेनातून बाहेर पडतं ते ॲम्प्लिफायरने वाकवलेलं काहीतरी. त्याला 2400 आणि 2401 मेगाहर्ट्झचे दोन सूर द्या. बाहेर 2399 आणि 2402 सुद्धा येतात, कारण आउटपुटमध्ये इनपुटच्या घनाचाही अंश मिसळलेला असतो (2×2400−2401, हिशेब करून पाहा). हे सूर मूळ आकड्यांत नव्हतेच, मग वजा काय करणार? शिवाय पॉवर 1 डेसिबलने वाढवली की हे उपटसुंभ 3 डेसिबलने वाढतात. त्यामुळे आधी ॲम्प्लिफायरच्या वाकडेपणाचं गणिती मॉडेल बांधायचं आणि मग वजाबाकी. 2013 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वायफायवर स्वतःचा सिग्नल 110 डेसिबलने कमी करून दाखवला, तो असा वाकडेपणा हिशेबात धरूनच.

'फुल ड्युप्लेक्समुळे वेग दुप्पट' या जाहिरातबाजीला मात्र भुलू नका. दोन्ही बाजूंना एकाच वेळी काही पाठवायचं असेल, तरच दुप्पट.

राहिला ऑसिलेटर, म्हणजे रेडिओची फ्रिक्वेन्सी घडवणारं सर्किट. त्याचा फेज (लहर चक्रात कुठे आहे ते) सतत किंचित थरथरतो. रेडिओतला पाठवणारा भाग आणि ऐकणारा भाग, दोघांना एकच ऑसिलेटर दिला, तर दोघे सारखेच थरथरतात आणि वजाबाकीत ती थरथर बरीचशी उडून जाते. भिंतीवर आपटून उशिरा परतणारा आपलाच प्रतिध्वनी तेवढा चुकवता येत नाही. तो येईपर्यंत ऑसिलेटर थोडा सरकलेला असतो.