उलट्या होतायत? आधी डोळा बघा

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर ठरलेले मेसेज सुरू होतात, डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यात बघू नका म्हणून. अहो बघून काही होत नाही, व्हायरस नजरेतून उडी मारत नाही, हात आणि टॉवेल यातून पसरतो. 2023 च्या जुलैत आळंदीत मोठी साथ आलेली ती आठवत असेल. पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते, डोळा लाल दिसला की डोळेच आलेत असं सगळे धरून चालतात, आणि त्यात एमबीबीएसची पोरंही आली. म्हणून लाल डोळा शिकवायचा असेल तर मी धड्यापासून सुरुवात करत नाही, पेशंटपासून करतो, केस-बेस्ड शिकवणं म्हणतात ते हेच.

पोरांना कागदावर द्यायची केस अशी. 58 वर्षांच्या बाई, प्लस नंबरचा चष्मा. संध्याकाळी लाईट गेले म्हणून अंधारात बसलेल्या, एकदम उजव्या बाजूचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, पोटात कळ, सून कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) घेऊन आली. बोला, काय करणार? एवढं सांगून आपण गप्प बसायचं. मायग्रेन, पित्त, बीपी, एक जण थेट सीटी स्कॅनवर, आणि कोणीतरी हमखास म्हणतं की उलट्या नि पोटात कळ आहे तर पोटाचं इंजेक्शन देऊन टाकू. मग दुसरा कागद द्यायचा: उजवा डोळा लालभडक, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, बाहुली अर्धवट मोठी झालेली आणि टॉर्च मारला तरी हलत नाही.

हा अचानक आलेला काचबिंदू, अँगल क्लोजर, म्हणजे डोळ्यातलं पाणी निघून जायचा कोपराच बंद. आता इथे मला थांबवत नाही, कारण हे प्रकरण भारी आहे.

डोळ्यात पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर, म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मागची जागाच मुळी पाव मिलिलिटरची, त्यामुळे दीड-दोन तासांत सगळं पाणी बदलतं. ते आयरिसच्या (रंगीत पडद्याच्या) मागे बनतं, बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया नि आयरिस जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निघून जातं, मोरीच्या जाळीसारखं. प्लस नंबरवाल्यांचा डोळा आखूड, आत दाटी, त्यात वयानुसार डोळ्यातलं भिंग जाड होत जातं आणि आयरिसला मागून टेकतं. अंधारात बाहुली मोठी होते. गंमत म्हणजे पूर्ण मोठी झाली तर धोका त्यामानाने कमी, अर्धवट मोठी असताना आयरिस भिंगाला सगळ्यात घट्ट चिकटून बसते आणि कडेला मात्र सैल असते. मग पाणी मागे अडकतं, मागचं प्रेशर वाढतं, सैल कडा फुगून पुढे येते आणि जाळीवरच जाऊन बसते. पाणी बनायचं थांबत नाही, जायला वाट नाही. नॉर्मल प्रेशर 10 ते 21 मिलिमीटर पारा, इथे ते 50-60 च्याही वर जातं. कॉर्नियात पाणी शिरून ती सुजते म्हणून ती रंगीत कडी. मागची नस दाबली जाते, आणि ती गेलेली नजर परत येत नाही.

आता ते पोटाचं इंजेक्शन आठवा. कळ थांबवणारी हायोसिन, डायसायक्लोमिनसारखी औषधं बाहुली मोठी करतात, म्हणजे आगीत तेल. फार्मकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) वर्गात हे वाक्य लिहून घेतलेलं असतं, पण कॅज्युअल्टीतल्या बाईशी ते कोणी जोडलेलं नसतं. केस हे जोडून देते. पेशंट पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे येत नाही, तो उलट्या घेऊन येतो, आणि तेही डोळ्याच्या ओपीडीत नाही.

प्रेशर मोजायचं मशीन नसलं तरी चालतं. डोळे मिटून खाली बघायला सांगायचं, वरच्या पापणीवरून दोन तर्जन्यांनी आळीपाळीने हलकेच दाबायचं, मग दुसरा डोळा तसाच. एक टणक लागला की कळतंच. पोरं हे आधी एकमेकांच्या डोळ्यांवर करतात, नॉर्मल डोळा बोटाला कसा लागतो ते माहीत हवं ना. उपचार म्हणजे आधी ॲसिटाझोलामाइड वगैरे देऊन प्रेशर उतरवायचं, मग लेसरने आयरिसला बारीक भोक, मागचं पाणी थेट पुढे. आणि दुसऱ्या डोळ्यालाही भोक पाडायचं, तो डोळाही तसाच आखूड असतो. या सगळ्यात डोळ्यात मध नि गुलाबपाणी घालायच्या घरगुती उपायांत जो वेळ जातो त्याबद्दल बोलायलाच नको.

केसवरून शिकवणं काही आजचं फॅड नाही. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 पासून अख्खं मेडिकल शिक्षणच पेशंटच्या प्रॉब्लेमभोवती बांधलं. तिथे पोरं बरीचशी स्वतःच शोधत जातात, केस-बेस्डमध्ये शिक्षक थोडा लगाम धरून ठेवतो. आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यातही छोट्या गटात शिकवा असं आहे. आता 150 पोरांची बॅच आणि हाताशी मोजके शिक्षक, गट पाडायचे कसे हा प्रश्न उरतोच. केस पीपीटीवर टाकून पुढच्याच स्लाइडला उत्तर दाखवायचं हे केस-बेस्ड नाही, ते लेक्चरच. आणि परीक्षेत 'अँगल क्लोजर ग्लॉकोमावर टीप लिहा' असंच येणार असेल तर पोरं गाइड उघडणार, त्यांना दोष कसा देणार?