आस्तिक्य व नास्तिक्य (कोल्हापूर परिसर)

ईश्वराचे अस्तित्व मानणे म्हणजे आस्तिक्य आणि ते नाकारणे म्हणजे नास्तिक्य, हा आजचा रूढ अर्थ. भारतीय दर्शनांची कसोटी वेगळी होती. वेदांचे प्रामाण्य मानणारा तो आस्तिक, म्हणून जगत्कर्ता न मानणारे मीमांसकही आस्तिकांत गणले गेले आणि जैन, बौद्ध, चार्वाक नास्तिकांत. कोल्हापूर परिसरात ‘देव आहे की नाही’ यावरून वाद क्वचितच पेटला. देव आणि माणूस यांच्या मध्ये कोणी उभे राहायचे, त्याने काय घ्यायचे आणि त्याला जाब कोणी विचारायचा, यावरून मात्र येथे शंभराहून अधिक वर्षे भांडणे झाली. त्यांत आस्तिक आणि नास्तिक अनेकदा एकाच बाजूला उभे राहिले.

या वादाला तोंड फुटले ते १८९९ मधील वेदोक्त प्रकरणाने. कार्तिकस्नानासाठी पंचगंगेवर गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांसाठी पुरोहित पुराणोक्त (वेदांतले नव्हे, पुराणांतले) मंत्र म्हणत होता, कारण त्याच्या मते छत्रपतींना वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करवून घेण्याचा, अधिकार नव्हता. प्रकरण वाढत गेले आणि १९०२ मध्ये राजोपाध्यांचे, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचे, वतन खालसा झाले. शाहू महाराज नास्तिक नव्हते, त्यांचा झगडा मक्तेदारीशी होता. १९११ मध्ये भास्करराव जाधव यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याचे मूळ प्रवर्तक जोतीराव फुले यांनीही ‘निर्मिक’, म्हणजे जगाचा निर्माता, मानला होता. नाकारले होते ते मध्यस्थाला. पुढे ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक शाळा निघाली आणि १९२० मध्ये बेनाडीचे सदाशिवराव पाटील यांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, नेमण्यात आले. मध्यस्थच नको म्हणणाऱ्या विचाराशी हे पाऊल विसंगत होते. पण लग्न-मर्तिकाला भटजीशिवाय ज्यांचे चालत नव्हते, त्या बहुजन कुटुंबांची अडचण त्याने तात्काळ सुटत होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

देवपूजा आणि ईश्वरावरचा विश्वास या दोन गोष्टी सुट्या असू शकतात, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. शिरोळ, हातकणंगले भागातला दिगंबर जैन शेतकरी समाज जगाचा निर्माता मानत नाही. कुंभोजच्या बाहुबली डोंगरावरील २८ फुटी मूर्तीसमोर किंवा शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीसेन मठात भक्तिभावाने अभिषेक होतो. पण सिद्धान्ताप्रमाणे तीर्थंकर कोणाला काही देत नाहीत, ते फक्त आदर्श आहेत. मागणे मागायचे झाले की माणसे पद्मावती या जैन देवतेकडे वळतात. तत्त्वज्ञान काहीही म्हणो, अडलेल्या माणसाला ऐकणारे कोणीतरी लागते, हे यातून दिसते.

श्रद्धा आणि कार्यकारणभाव यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे पडते ती अंबाबाईच्या किरणोत्सवात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडतात आणि मूर्तीपर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख, असा परंपरेने मानलेला क्रम आहे. हे दोन्ही काळ डिसेंबरातल्या अयनदिनापासून साधारण ४१ दिवस अलीकडे-पलीकडे पडतात. तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो आणि कोल्हापुरात तो ठीक पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. रोज तो सुमारे पाव अंश, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या निम्म्याने सरकतो. त्यामुळे ही संधी मोजक्या दिवसांचीच असते.

किरणे कमी का पडतात, याचेही उत्तर भूमितीत आहे. सूर्य वर असताना प्रकाश तिरका खाली येतो आणि फरशीवरच थांबतो. तो जसजसा क्षितिजाकडे झुकतो तसतसा प्रकाश आडवा होतो, आत शिरतो आणि मूर्तीवर वर चढतो. मुखापर्यंत पोहोचायला सूर्य सर्वांत खाली असावा लागतो, आणि नेमक्या त्याच मिनिटांत त्याच्या वाटेत सर्वांत जास्त धूळ, बाष्प आणि ढग येतात. त्यात महाद्वार रोडच्या बाजूची उंच बांधकामे, पाण्याच्या टाक्या, फलक आणि केबल यांची भर पडते. एखाद्या इमारतीने क्षितिज अंशभर वर उचलले तरी शेवटची चार मिनिटे जातात आणि किरण कमरेशीच विरतात. म्हणून उत्सवाआधी मार्गाची पाहणी होते, अडथळे हटवले जातात आणि प्रकाशाची तीव्रता मोजली जाते. मोजणाऱ्यांत श्रद्धाळू असतात, तसेच देव न मानणारेही असतात. कारण समजले म्हणून भक्तांची गर्दी घटलेली नाही. किरण मुखापर्यंत न पोहोचल्यास त्याला देवीचा कोप म्हणणे मात्र चुकीचे आहे. तो आपल्या बांधकाम परवान्यांचा आणि हवेचा परिणाम आहे.

नवस आणि भाकणूक यांचे गणित निराळे आहे. नवस पुरा झालेला माणूस तो फेडायला जोतिबाच्या डोंगरावर जातो, गुलाल उधळतो, चांगभलं म्हणतो. ज्याचा पुरा झाला नाही तो येत नाही, आला तरी बोलत नाही. म्हणून देवळात ऐकू येणारे अनुभव एकाच बाजूचे असतात. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडेबाबा हेडाम (तलवार घेऊन केलेले नृत्य) खेळतात आणि पाऊसपाणी, पिके, धारण (धान्याचे भाव), राजकारण यांविषयी भाकणूक सांगतात. धनगर समाजाच्या जगण्यातले या प्रसंगाचे स्थान मोठे आहे आणि ते जपण्यासारखेच आहे. भाकीत म्हणून त्याची पारख करायची तर ते त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवावे. कोणत्या भागात, कोणत्या नक्षत्रात, किती, हे त्यात आहे का ते पाहावे आणि न जुळलेल्या गोष्टीही मोजाव्यात. हे न केल्यास जुळलेले तेवढे लक्षात राहते.

जिथे विश्वासाची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे कायदा मध्ये येतो. उसाच्या फडात सर्पदंश नवा नाही. मांत्रिकाचा गुण येतो असे वाटण्याचे कारण साधे आहे: चावलेले बरेच साप बिनविषारी असतात, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशातही प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नाही. अशी माणसे काही न करताही वाचली असती. ज्यांच्या अंगात विष गेले आहे त्यांचे मोलाचे तास मात्र अंगाऱ्यात जातात. मण्यारीच्या दंशात सूज आणि वेदना जवळपास नसल्याने ही चूक विशेष घडते. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखणे, भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे, चमत्काराच्या दाव्याने लुबाडणे हे गुन्हे ठरवले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही. तो देवाविरुद्ध असल्याचा प्रचार आजही ऐकू येतो, तो खोटा आहे.

या कायद्यासाठी झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरातच सागरमाळ परिसरात सकाळी गोळ्या झाडण्यात आल्या; २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला शहरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ निघू लागला. त्यात चालणाऱ्या अनेकांच्या घरी देव्हारा होता.

नास्तिक माणसाची खरी परीक्षा वादात होत नाही, ती लग्नात आणि मरणात होते. सत्यशोधक लग्नात मुहूर्त नसतो, पुरोहित नसतो. वधूवर सर्वांसमोर शपथ घेतात, फुल्यांची मंगलाष्टके म्हटली जातात आणि अक्षतांऐवजी फुले टाकतात. आंतरधर्मीय जोडप्याला १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते, ३० दिवस थांबावे लागते आणि तीन साक्षीदार आणावे लागतात. घरच्यांच्या दबावाने लग्न मोडते ते बहुधा याच महिन्यात.

मरणात अडचण जास्त. देहदानाचा अर्ज भरून ठेवलेला असतो, पण मुलांना सांगितलेले नसते. शेवटचा शब्द नातेवाइकांचा असतो, आणि भावकी जमली की तिरडी बांधली जाते. म्हणून अर्जावर घरातल्या दोघांच्या तरी सह्या घ्याव्यात, त्याची प्रत घरात सापडेल अशी ठेवावी, आणि शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांत गेलेला देह स्वीकारला जात नाही हे आधीच सांगून ठेवावे. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून लगेच कळवावे.

श्रद्धेला वळण देता येते, हे कोल्हापूरने सार्वजनिक जीवनात दाखवले आहे. गणपती विसर्जनाला पंचगंगा घाटावर आणि रंकाळ्यावर निर्माल्य वेगळे घेतले जाते, मूर्तिदान स्वीकारले जाते; आरती आधी होते, मूर्ती पाण्याला लावून मग दिली जाते, त्यामुळे विधी मोडल्याची खंत उरत नाही. होळीला लाकडे कमी जाळून पोळ्या गोळा करतात आणि गरजूंना देतात. त्याच दिवसांत तालमी आणि मंडळे शेणी (गोवऱ्या) जमवून पंचगंगा स्मशानभूमीला देतात. महापालिका तिथे अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि त्या शेणी कोणाच्या चितेला लागणार हे देणाऱ्याला माहीत नसते.